चोरीचा आळ आला तर काय करावं: पहिला कागद लिहिण्याआधी वाचा

"कर नाही त्याला डर कशाला? जा आणि सगळं खरं खरं सांगून ये." चोरीचा आळ आलेल्या माणसाला घरातली मोठी माणसं हा सल्ला देतात, तेव्हा त्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण एकवीस वर्षांच्या फौजदारी वकिलीत या एका वाक्यानं जितकी साधी प्रकरणं चिघळलेली मी पाहिली, तितकी दुसऱ्या कशानंही नाही. ज्यानं काही केलेलं नसतं तो बेसावध असतो. तो भराभर बोलतो, जे आठवत नाही ते अंदाजानं सांगतो, दाखवतील तिथे सही करतो. माझ्या ऑफिसात पोचेपर्यंत त्याच्याच अक्षरातला कागद फायलीला लागलेला असतो.

घाबरू नका, वकील गाठा, हे कुणीही सांगेल. मला त्यापुढचं सांगायचं आहे: वकील भेटेपर्यंतच्या एक-दोन दिवसांत काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही.

आधी कलम बघा

"चोरीची केस" ही एकच गोष्ट नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्या तारखेआधी घडलेल्या घटनेला जुनी भारतीय दंड संहिता, म्हणजे कलम ३७९, ३८० वगैरे. त्यानंतरच्या घटनेला नवी कलमं.

साधी चोरी म्हणजे कलम ३०३, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर किमान एक वर्ष सक्तमजुरी, आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. राहत्या घरातून किंवा प्रवासी-मालवाहू वाहनातून चोरी झाली, किंवा देवळातली मूर्ती चोरीला गेली, तर कलम ३०५ आणि सात वर्षांपर्यंत. नोकरानं मालकाच्या ताब्यातली वस्तू नेली तर ३०६, तिथेही सात वर्षांपर्यंत. पण रोखपालाकडे रक्कम विश्वासानं सोपवलेली होती आणि त्यानं ती स्वतःसाठी वापरली असा आरोप असेल, तर ती चोरी नव्हे, तो फौजदारी विश्वासघात, कलम ३१६. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला असा आरोप असेल तर ३१७. लोक या सगळ्याला सरसकट चोरीच म्हणतात. बचाव मात्र प्रत्येकात वेगळा.

एक तरतूद पुष्कळांना ठाऊकच नसते. वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर कलम ३०३ खाली तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. किंमत ५,००० च्या आत असेल तर कायद्याच्या परिशिष्टात हा गुन्हा अदखलपात्र (म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिस तपास किंवा अटक करू शकत नाहीत) आणि जामीनपात्र दाखवला आहे. म्हणून एफआयआर हातात आली की मी आधी किमतीच्या रकान्यावर बोट ठेवतो. चार वर्षं वापरलेल्या मोबाइलची किंमत फिर्यादीत नव्या मोबाइलइतकी लिहिलेली असते, आणि तो आकडा तसाच पुढे जातो.

चोरी सिद्ध व्हायची तर वस्तू जंगम, म्हणजे हलवता येणारी, हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नसावी, आणि ती हलवताना मनात अप्रामाणिक हेतू हवा. मालकी कुणाची हा प्रश्न त्यानंतरचा. कायद्याच्या उदाहरणांतच एक घड्याळ आहे. घड्याळजीची मजुरी देणं बाकी असताना, ती बुडवायच्या इराद्यानं तुम्ही स्वतःचंच घड्याळ त्याच्या दुकानातून उचलून आणलंत, तर ती चोरी ठरते. उलट, कुणाच्याच ताब्यात नसलेली, रस्त्यावर पडलेली अंगठी उचलली तर ती चोरी नव्हे. फार तर मालमत्तेचा अपहार. आणि "थोड्या वेळासाठीच नेलं होतं, परत आणून ठेवलं" या बचावावर विसंबू नका. कार्यालयातली फाइल एका दिवसासाठी बाहेर नेऊन परत ठेवणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयानं १९६२ सालीच चोरीसाठी दोषी धरलं आहे.

"लिहून दे, इथंच मिटवू"

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे बावीस वर्षांचा एक मुलगा आला. एका दुकानात गल्ल्यावर बसायचा. महिनाअखेरीला हिशोबात १८,४०० रुपये कमी आले. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून त्याला आत बसवलं आणि फुलस्केप कागद पुढे केला. त्यानं लिहिलं, "माझ्या हिशोबात १८,४०० रुपये कमी आले आहेत." व्यवस्थापक म्हणाला, असं लिहिलंस तर वरच्यांना पटणार नाही, "मी घेतले" असं लिही, दोन महिन्यांत भरून दे, पोलिसात काही देत नाही. तो कागद मी पुढे कोर्टाच्या फायलीत शंभरदा पाहिला असेन. "कमी आले" या शब्दांवर दोन आडव्या रेघा होत्या, वर "मी घेतले" होतं, आणि तिथे पेन इतकं दाबलं गेलं होतं की शाई कागदाच्या मागे उतरली होती.

आठवड्याभरात फिर्याद दाखल झाली. सोबत तो कागद.

त्यात मी स्वतः भर घातली. मुलाच्या वडिलांना मी सांगितलं, निम्मी रक्कम आजच भरा, फिर्यादी नरमेल. त्यांनी ९,२०० रुपये भरले, पावती घेतली. खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलांनी त्याच दोन गोष्टी पुढे केल्या: यानं लिहून दिलं आहे, आणि यानं पैसेही भरले आहेत, निर्दोष माणूस पैसे का भरेल? माझ्यापाशी सरळ उत्तर नव्हतं. गल्ल्याच्या किल्ल्या तिघांकडे असायच्या, हे उलटतपासणीत निघालं. "पोलिसात देत नाही" असं आमिष दाखवून कागद लिहून घेतला, हेही व्यवस्थापकाच्याच तोंडून निघालं. न्यायालयानं तो कागद बाजूला ठेवला आणि मुलगा सुटला. पण त्यात पाच वर्षं गेली, आणि त्या पाच वर्षांत त्याला कुणी कायमची नोकरी दिली नाही. वडिलांना दिलेला तो सल्ला मला आजही बोचतो.

यामागचा कायदा समजून घ्या, कारण इथेच लोकांची फसगत होते. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून वाचता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ चं कलम २३ तसं स्पष्ट सांगतं. हे अर्धवट ऐकून लोकांना वाटतं, कबुलीला काही किंमतच नसते. पण तुमचा मालक, व्यवस्थापक किंवा सोसायटीचा अध्यक्ष पोलिस नाही. त्याच्यासमोर दिलेली कबुली पुराव्यात येऊ शकते. धमकी, दबाव किंवा आमिष यांमुळे ती दिली असेल तर कलम २२ खाली ती बाद होते, पण दबाव होता हे कोर्टाला दिसायला हवं, आणि बंद केबिनमध्ये तुमच्या बाजूचा साक्षीदार नसतो. म्हणजे पोलिस ठाण्यापेक्षा मालकाच्या खोलीत लिहिलेला कागद जास्त घातक. माझ्या अशिलांपैकी निम्म्यांना हे उलटं वाटायचं.

म्हणून माझं ठाम मत आहे: माफीनामा, कबुलीनामा, "झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे" असं पत्र, यातलं काहीही वकिलानं वाचल्याशिवाय लिहू नका. एक ओळही नाही. "फक्त ऑफिसच्या रेकॉर्डसाठी" म्हणाले तरी नाही. व्हॉट्सअॅपवर "सॉरी सर, चूक झाली" असं पाठवणं म्हणजेही लिहून देणंच. खोलीतून निघताना म्हणायचं वाक्य आधीच पाठ करून ठेवा: "मला आरोप मान्य नाही. माझं म्हणणं मी वकिलांशी बोलून लेखी देतो." याउपर एक शब्द नको. जाऊ देत नसतील तर हाणामारी नको. घरच्यांना फोन लावा, ११२ वर फोन करा.

आणि दबावाखाली आधीच लिहून दिलं असेल तर? त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कसं आणि कुणी लिहून घेतलं, किती वाजता, खोलीत कोण कोण होतं, हे तारीखवार लिहून काढा आणि वकिलामार्फत स्पीड पोस्टानं कळवा. सहा महिन्यांनी कोर्टात पहिल्यांदा "माझ्यावर दबाव होता" म्हटलं की ते नंतर सुचलेलं वाटतं. दुसऱ्या दिवशीच्या टपालाच्या पावतीला वजन असतं.

ऑफिसची कारणे दाखवा नोटीस आली तर उत्तर द्यावंच लागतं. पण खात्याच्या चौकशीत दिलेलं उत्तर फौजदारी खटल्यात समोर ठेवलं जातं. तेव्हा मुदतवाढ मागा आणि उत्तराचा मसुदा फौजदारी वकिलाकडून तपासून घ्या.

पैशाबद्दलही एक सांगतो. तडजोडीसाठी रक्कम द्यायचीच असेल तर ती न्यायालयात, तडजोडीच्या अर्जासोबत द्या. दुकानाच्या काउंटरवर, "हप्ता एक" असं लिहिलेल्या पावतीवर नको. लोक "हक्क राखून देत आहे" असं पत्र जोडतात. ते संरक्षण दिवाणी दाव्यात आहे, फौजदारी खटल्यात त्यावर भिस्त ठेवू नका.

पोलिसांची नोटीस आली तर

वर सांगितलेली ३०३, ३०५, ३०६ आणि ३१६ ही कलमं कमाल सात वर्षांच्या शिक्षेच्या आतली; अपवाद सरकारी नोकर, बँकर, व्यापारी, दलाल, एजंट वगैरेंनी केलेल्या विश्वासघाताचा, तिथे जन्मठेपेपर्यंत मजल जाते. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते. सर्वोच्च न्यायालयानं अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली हे बजावून सांगितलं. आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास, जामीन यांची पद्धत ठरवणारा कायदा) कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस, आणि अटक केलीच तर तिची कारणं नोंदवलेली हवीत. नुसत्या व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस पुरेशी नाही, असं न्यायालयानं २०२५ मध्ये म्हटलं आहे. तरीही फोनवर नोटीस दिसली की "ही चालत नाही" म्हणून घरी बसू नका. वकिलामार्फत लेखी उत्तर पाठवा. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. गैरहजर राहिलात तर ते कारण तुम्हीच हातात दिलंत.

जाताना नोटिशीची प्रत सोबत ठेवा आणि हजर झाल्याची तारीख-वेळ लिहून घ्या. नाव, पत्ता, कामाचं ठिकाण सांगा. ज्या उत्तरानं स्वतःवर बालंट येईल ते न देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नं दिला आहे. अटक झालेल्याला चौकशीदरम्यान स्वतःच्या वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नसलं तरी. जबाब लिहून घेतला तर त्यावर सही लागत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तेच सांगतं. "सही करा, मग घरी जा" म्हणाले तर शांतपणे सांगा की जबाबावर सही नसते असं वकिलांनी सांगितलं आहे. नोटीस मिळाल्याची पोच आणि अटक झालीच तर अटक पंचनामा, यांवर सही करायची, पण वाचून आणि स्वतःच्या हातानं वेळ घालून. कोऱ्या कागदावर कधीच नाही.

अजून एक सापळा. "वस्तू कुठे आहे ती जागा दाखव, लगेच सोडतो." पोलिसांसमोरची कबुली वाचता येत नाही हे खरं, पण कोठडीतल्या माणसानं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. आमच्याकडे याला मेमोरंडम पंचनामा म्हणतात, आणि चोरीच्या निम्म्याअधिक खटल्यांत सरकार पक्षाची सगळी मदार त्यावरच असते. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता त्याच संहितेच्या कलम १०५ नं बंधनकारक आहे. ते झालं का, पंच त्याच भागातले होते का, जप्त मालाच्या यादीची प्रत मिळाली का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

पुरावे: पहिल्या आठवड्यात

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. तुमच्या बाजूचं काही त्यात असेल तर ते जपून ठेवा असं पत्र दुकानाला, सोसायटीला आणि तपास अधिकाऱ्याला त्याच आठवड्यात द्या, आवक शिक्का घ्या. एक आठवडा उशीर झाला आणि तुम्ही दुसऱ्या दारानं बाहेर पडत होता हे दाखवणारा एकमेव पुरावा गेला, असं मी पाहिलं आहे. सरकार पक्षानं चित्रण दिलं तर डिजिटल पुराव्याला लागणारं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत आहे का हे वकील बघेलच.

हजेरीचा पट, प्रवासाचं तिकीट, दुकानाचं बिल, बँकेचा उतारा गोळा करा. सेकंडहँड मोबाइल किंवा दुचाकी घेतली असेल तर विकणाऱ्याशी झालेले मेसेज आणि पैसे दिल्याची नोंद सोन्यासारखी जपा, कारण चोरीनंतर लवकरच तो माल ज्याच्याजवळ सापडतो, त्यानं तो कसा मिळवला हे समजावलं नाही तर तोच चोर किंवा चोरीचा माल घेणारा असं न्यायालय धरू शकतं. मोबाइलमधलं मात्र काहीही पुसू नका. पुरावा नाहीसा करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

वकील कसा निवडायचा

ओळखीतला आहे म्हणून जमिनीच्या दाव्यांचा वकील घेऊ नका. तुमच्या तालुक्याच्या न्यायदंडाधिकारी कोर्टात रोज उभा राहणारा, फौजदारी काम करणारा घ्या. पहिल्या भेटीत त्याला एकच प्रश्न विचारा: "मी आत्ता काय करायचं नाही?" चांगला वकील यावर पंधरा मिनिटं बोलतो. "काळजी करू नका, साहेबांशी बोलून घेतो" एवढंच म्हणणाऱ्याकडून उठून या. आणि वकिलापासून काहीही लपवू नका. दोन वर्षांपूर्वीची जुनी तक्रार मला सरकारी वकिलाच्या तोंडून कळली, तर त्या क्षणी मी तुमच्यासाठी काही करू शकत नाही.

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असं होऊ देऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोठडीतला कोणीही, तसंच स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. या योजनेतल्या वकिलांना कमी लेखणाऱ्यांचं मला पटत नाही. त्यांतले कित्येक जण रिमांडच्या, म्हणजे कोठडीच्या सुनावणीच्या, कामात खाजगी वकिलांपेक्षा तयार असतात.

जामीन आणि पुढचं

नोटिशीवरच भागलं नाही आणि अटकेची भीती असेल, तर सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज. अटक झालीच तर २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं, आणि अटकेची कारणं तुम्हाला समजेल अशा भाषेत लेखी मिळायला हवीत. जामीनदाराचे कागद घरच्यांनी आधीच तयार ठेवावेत.

साध्या चोरीत तपास लांबला आणि ६० दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. दिवस पहिल्या रिमांडच्या तारखेपासून मोजायचे, तो दिवसही धरून. अर्ज मात्र आपणच करावा लागतो. आपला अर्ज दाखल होण्याआधी दोषारोपपत्र आलं तर तो हक्क गेला. ही तारीख मी डायरीत लाल पेनानं लिहितो. घरच्यांनीही लिहावी.

तडजोड: कलम ३०३ ची साधी चोरी वस्तूच्या मालकाला आपसात मिटवता येते. ३०६ असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. ३०५ मिटवता येत नाही. दोन्ही बाजूंचं जमलं तरी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. म्हणून "आमचं मिटलं" एवढ्यावर तारखेला जाणं थांबवू नका, वॉरंट निघतं. दोष सिद्ध झाला तरी पहिल्याच वेळेला परिविक्षा (प्रोबेशन) कायदा १९५८ खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. वकिलानं ते मागायला हवं.

निर्दोष सुटलात किंवा तडजोड झाली (तिचा परिणामही निर्दोष सुटण्याचाच), तर त्याच आठवड्यात निकालाच्या दोन प्रमाणित नकला काढा. एक पोलिस ठाण्यात द्या, आवक शिक्का घ्या आणि तुमच्या नावापुढे निकालाची नोंद झाल्याची खात्री करा. दुसरी घरात, जन्मदाखल्याच्या फायलीत. पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत जुना गुन्हा नोंदणी क्रमांक पुन्हा वर येतो, आणि तेव्हा ती नकल लगेच पुढे ठेवता आली पाहिजे.